चेक लाइट विझवण्याआधी: मराठी कोड रीडरच्या प्रकल्प नोंदी, जालना

१३ जानेवारी २०२५

ठरलेलं काम एवढंच: बारा व्होल्टच्या चारचाकींसाठी हातात मावणारा कोड रीडर (इंजिनच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, नोंदलेले दोषांचे क्रमांक वाचणारं यंत्र), पडद्यावर मराठी मजकूर, आणि कोड पुसायचं बटण असं की ईसीयूतली माहिती मेमरी कार्डात उतरल्याशिवाय ते चालूच होणार नाही.

मोबाइलला जोडायचे ब्लूटूथ रीडर स्वस्तात मिळतात आणि कोड बरोबर दाखवतात. घोळ त्यांच्या 'क्लिअर' बटणाने होतो. गाडी गॅरेजला लागली की पहिलं बोट तिथंच जातं. डॅशबोर्डवरची चेक लाइट विझते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि तीच गाडी तोच कोड घेऊन परत येते. दोष घडला त्या क्षणाची ईसीयूने जपलेली नोंद तोवर पुसली गेलेली असते, म्हणजे तपासणी पहिल्यापेक्षा अवघड झालेली असते.

कोणत्या गाड्या धरायच्या: आपल्याकडे ओबीडी-१ (ईसीयूने स्वतःच दोष नोंदवण्याची पद्धत) एप्रिल २०१० पासून, ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून, बीएस-६ (धुराचे कडक नियम) एप्रिल २०२० पासून. २०१३ नंतरची पेट्रोल-डिझेल चारचाकी हे मुख्य लक्ष्य. ट्रक वगळले. ते चोवीस व्होल्टचे, त्यांची भाषा जे१९३९, आणि कोड 'पी' अक्षराने न येता एसपीएन-एफएमआय अशा आकड्यांच्या जोडीने येतात. तो वेगळा प्रकल्प आहे.

१६ जानेवारी

रीडर जोडायचं सॉकेट १६ पिनांचं, बहुतेक स्टीअरिंगखाली. रीडर खुपसण्याआधी मल्टिमीटर लावायचा, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर. पिन १६ ला बॅटरीचं प्लस, किल्ली बंद असतानाही. पिन ४ बॉडी अर्थ, पिन ५ सिग्नल अर्थ. ६ वर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो, ७ वर के-लाइन. कॅन म्हणजे ईसीयूंनी बोलायची दोन वायरींची बस, के-लाइन हा जुना एका वायरीचा मार्ग.

१६ वर व्होल्टेज नसेल तर रीडरला दोष देऊ नका, फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज दुसऱ्याच कशाशी सामाईक असतो. सिगारेट लायटरमध्ये मोबाइल चार्जर अडकून तो उडालेला सापडणं नेहमीचं.

बॅटरीची मायनस काढून ६ आणि १४ मधला रोध मोजायचा. ६० ओहमच्या आसपास हवा, कारण बसच्या दोन टोकांना १२०-१२० चे रोध समांतर असतात. १२० दिसला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ दिसला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतल्या बस यांच्यामधला नाका) असतो. तिथं हा आकडा सॉकेट ते गेटवे एवढ्याच तुकड्याचा, इंजिनच्या बसबद्दल तो काही सांगत नाही.

६ आणि १४ च्या जागी पिनाच नसतील आणि ७ ची असेल, तर गाडी के-लाइनवाली.

१९ जानेवारी

सामान: ईएसपी३२ बोर्ड (कॅन कंट्रोलर चिपमध्येच आहे), एसएन६५एचव्हीडी२३० ट्रान्सीव्हर, के-लाइनसाठी एल९६३७डी, एलएम२५९६ बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं), ३२० × २४० चा टीएफटी पडदा, मायक्रो-एसडी कार्डाचा खाचा, १ अँपिअरचा फ्यूज, उलट जोडणीपासून बचावाला एक शॉट्की डायोड आणि एसएमबीजे२४ए हा टीव्हीएस (व्होल्टेजची उसळी रोखणारा) डायोड.

टीव्हीएस वगळायचा मोह होतो. वगळू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची क्लिप सैल झाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. एलएम२५९६ ची मर्यादा ४० व्होल्ट आहे आणि हा डायोड उसळी ३९ च्या आसपास रोखतो, म्हणजे जेमतेम आत. याच डायोडमुळे हा रीडर ट्रकला लावायचा नाही: चार्जिंगचे २८ व्होल्ट सतत आले तर तो वाहायला लागेल, तापेल, आणि फ्यूज उडेल.

बक मॉड्यूलचा स्क्रू फिरवून आउटपुट ५.० व्होल्टवर आधी आणायचा, मगच ईएसपी३२ जोडायचा. नवं मॉड्यूल कोणत्याही व्होल्टेजवर सेट होऊन येतं.

एसएन६५एचव्हीडी२३० च्या तयार बोर्डावर १२० ओहमचा छोटा रोध बसवलेला असतो. त्यावर '१२१' असं छापलेलं असतं. तो काढायचाच. गाडीच्या बसवर ६० ओहम आधीच आहेत. त्यात हा समांतर गेला की ४० होतात आणि सिग्नल दबतो. काही गाड्या ते सोसतात, काहींत संवाद अधूनमधून तुटतो. दोष मग प्रोग्राममध्ये शोधला जातो आणि असतो सोल्डरखाली.

एल९६३७डी च्या व्हीसीसीला ३.३ व्होल्ट. ५ दिले तर तेवढंच ईएसपी३२ च्या पिनेवर येईल. के-लाइन ते बारा व्होल्ट ५१० ओहमचा पुल-अप.

२६ जानेवारी

कॅन चालू. इथून पुढचे पत्ते, बाइट, मोड आणि पीआयडी सोळाच्या (हेक्स) पद्धतीत. वेग ५०० किलोबिट, प्रश्न ७डीएफ या पत्त्यावर, इंजिनच्या ईसीयूचं उत्तर ७ई८ वरून. पहिला प्रश्न नेहमी ०२ ०१ ०० (सुरुवातीचा बाइट लांबीचा): कोणकोणते आकडे देता येतात ते विचारणारा. उत्तर आलं नाही तर २९ बिटांचा पत्ता १८डीबी३३एफ१ वापरून पुन्हा विचारायचं. काही गाड्या फक्त तोच ओळखतात. तिथूनही उत्तर नाही, मग के-लाइन.

कोड मागायला मोड (प्रश्नाचा प्रकार) ०३, म्हणजे ०१ ०३. उत्तर: ०४ ४३ ०१ ०१ ७१. यात ४ बाइट, ४३ हे मोडचं उत्तर, ०१ ही कोडांची संख्या, आणि ०१ ७१ हा कोड.

दोन कोडांपर्यंत सगळं एका फ्रेममध्ये (लांबीचा बाइट धरून आठ बाइटांच्या तुकड्यात) बसतं. तिसरा आला की मजकूर ८ बाइटांचा होतो आणि ईसीयू तो तोडून पाठवतो: पहिली फ्रेम १० ०८ ने सुरू होते आणि मग तो थांबतो. आपण ३० ०० ०० पाठवून 'पुढचं सोड' म्हटल्याशिवाय २१ ने सुरू होणारी दुसरी फ्रेम येत नाही. हा निरोप ७ई० वर, म्हणजे त्या एका ईसीयूच्या पत्त्यावर द्यायचा, ७डीएफ वर नाही. इंटरनेटवरच्या कितीतरी छोट्या प्रोग्रामांत हा भाग नसतो. असे रीडर दोनच कोड दाखवतात आणि तिसरा कधी दिसतच नाही. मिस मारणाऱ्या गाडीत पी०३०० च्या सोबत कॉइलचा कोड तिसरा बसला असेल तर नेमका कामाचा तोच हरवतो.

२ फेब्रुवारी

कोड उलगडणं. पहिल्या बाइटचा पहिला अंक ० ते ३ असेल तर 'पी', ४ ते ७ 'सी', ८ ते बी पर्यंत 'बी', सी ते एफ 'यू'. चार-चारच्या गटात त्याची जागा शून्यापासून मोजून किती, तोच कोडचा पहिला अंक. ०१ ७१ म्हणजे पी०१७१. सी१ ०० म्हणजे यू०१००, इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटल्याचा.

पी० आणि पी२ सगळ्या कंपन्यांत सारखे, पी१ कंपनीचे स्वतःचे. पी१ चा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात बघितला तर हमखास चुकीचा भाग बदलला जातो. म्हणून रीडर पी१ ला फक्त आकडा दाखवतो, अर्थ नाही.

के-लाइनवर कोडांची संख्या सांगणारा बाइट नसतो. एका निरोपात तीन कोडांची जागा, रिकाम्या जागी ०० ००. कॅनचा नियम इथं लावला तर सगळे कोड एका बाइटने सरकतात आणि ऐकिवात नसलेले दोष दिसू लागतात.

९ फेब्रुवारी

फ्रीझ फ्रेम. प्रकल्पाचा जीव इथं आहे, म्हणून सविस्तर.

कोड बसतो त्या क्षणी ईसीयू इंजिनचे आकडे गोठवून ठेवतो: फेरे, वेग, पाण्याचं तापमान, लोड, इंधनाची दुरुस्ती. मोड ०२ ने ते मिळतात. गॅरेजवर आलेल्या एका पेट्रोल हॅचबॅकमध्ये पी०१७१, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). फ्रेम अशी: फेरे ०बी बी८, म्हणजे ३००० भागिले ४, ७५० आरपीएम. पाणी ७डी, १२५ वजा ४०, म्हणजे ८५ अंश. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्ती) ९ए, म्हणजे १५४ मधून १२८ वजा करून १२८ ने भागलं, अधिक २०.३ टक्के. गाडीचा वेग शून्य. गरम इंजिन, उभी गाडी, आयडलिंगला कोड बसलाय.

नुसता 'पी०१७१' वाचणारा इथं ऑक्सिजन सेन्सर बदलतो. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

पुढची चाचणी सोपी. आयडलला ट्रिम बघायची, मग २५०० आरपीएम धरून बघायची. आयडलला २० आणि २५०० ला ४-५ वर आली, तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय: एअर फिल्टरनंतरचा रबरी होज, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरची नळी. थ्रॉटल बंद असताना तेवढी चोरवाट मोठी ठरते, उघडल्यावर तिचा वाटा नगण्य होतो. उलट, लोड वाढेल तशी ट्रिम वाढत गेली तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय: फिल्टर, पंप, किंवा धुळीने माखलेला एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सर.

पण हा नियम एमएएफ असलेल्या इंजिनाचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या एमएपी (मॅनिफोल्डचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालतात. तिथं शिरलेली हवा मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे मिश्रण फारसं लीन न होता आयडल चढतं आणि पी०५०७ येतो. अशा गाडीत पी०१७१ आला तर आधी पेट्रोलचा दाब, मग पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचा सायलेन्सरचा जोड. तिथली गळती बाहेरची हवा आत ओढते आणि सेन्सरला खोटं लीन दिसतं. वरच्या हॅचबॅकला एमएएफ होता. होजच्या खालच्या बाजूची चीर हातानं वाकवल्यावरच दिसली.

कुलूप असं बसवलं: मोड ०३, ०७ (अजून पक्के न झालेले कोड), ०२ आणि पीआयडी (ईसीयूकडे मागायच्या एकेका माहितीचा क्रमांक) ०१, २१, ३१ यांची उत्तरं वेळेसकट एसडी कार्डात लिहून झाली आणि फाइल परत वाचून तपासली गेली, की मगच 'पुसा' बटण पडद्यावर उमटतं. कार्ड नसेल तर बटण नाही.

१६ फेब्रुवारी

देवनागरी. सूक्ष्म बोर्डाच्या फाँट लायब्रऱ्या अक्षरं एकामागे एक ठेवतात. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. तिथं शेपिंग (अक्षरं नीट जुळवणं) बसवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. संगणकावर पायथनच्या पिलो लायब्ररीत राक्म लेआउट (हीच जुळवणी करणारा भाग) चालू करून प्रत्येक संदेशाचं ३२० × ४८ चं काळं-पांढरं चित्र बनवलं. एक चित्र १९२० बाइट. ३०० संदेश म्हणजे ५ लाख ७६ हजार बाइट. ४ एमबी फ्लॅशमध्ये आरामात. राक्म बंद राहिला तर संगणकावरही वेलांटी तुटते, म्हणून पहिलं चित्र डोळ्यांनी तपासायचं.

संदेशात कुठल्याही भागाला 'खराब' म्हणायचं नाही असं ठरलं. 'ऑक्सिजन सेन्सर १, हीटर सर्किट', 'कूलंट सेन्सर, सिग्नल जास्त'. एवढंच.

२ मार्च

उंदरांचा हंगाम. कापूस आणि सोयाबीन साठवलेल्या शेडशेजारी उभ्या गाड्यांची वायरिंग कुरतडलेली येते आणि तिचे कोड बहुतेक 'सर्किट हाय' किंवा 'सर्किट लो' असतात. पी०११८, कूलंट सेन्सर हाय, याचं उदाहरण घेऊ.

ईसीयू एका रोधातून सेन्सरला ५ व्होल्ट देतो. सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त, गरम झाल्यावर कमी. साधारण २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० ला तीनशेच्या घरात. वायर तुटली की सगळे ५ व्होल्ट सिग्नलवर दिसतात, ईसीयूच्या हिशेबाने तापमान उणे ४०. जालन्यात उणे ४० म्हटल्यावर ते खरं नाही हे कळायला इंजिनिअर लागत नाही. वायर अर्थला चिकटली तर उलट: पी०११७ आणि तापमान १३० च्या वर.

चाचणी: रीडरवर पीआयडी ०५ चालू ठेवून सेन्सरचा प्लग काढायचा. मग प्लगच्या दोन पिना छोट्या वायरने जोडायच्या. जोडल्यावर आकडा उणे ४० वरून थेट वर उडाला तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. हलला नाही तर वायर तुटलीय. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर. तीन वायरींच्या सेन्सरवर पिना जोडल्या तर ५ व्होल्टची सामाईक लाइन अर्थ होऊन गाडी बंद पडू शकते. काही ईसीयू दोष दिसताच खरा आकडा लपवून ८० सारखा ठरीव आकडा दाखवतात आणि पंखा सतत फिरवत ठेवतात. आकडा जागचा हलतच नसेल तर व्होल्ट थेट प्लगवर मोजायचे.

जोड सोल्डर करून हीट-श्रिंक नळी. पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यात चिकटा सोडतो आणि पावसाळ्यात हिरवा पडतो.

१५ मार्च

मोसंबीच्या वाहतुकीतला बीएस-६ डिझेल पिकअप. पी२४६३, डीपीएफमध्ये (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचली. शेत ते मोंढा, मोंढा ते शेत, मध्ये तासन्तास इंजिन चालू ठेवून उभं. अशा वापरात फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याइतका गरम होतच नाही. त्यासाठी ५५० ते ६०० अंश लागतात, आणि एका दमात पंधरा-वीस मिनिटांची धाव.

कोड पुसला म्हणून काजळी जात नाही. लाइट विझवून तशीच पळवत राहिलं तर साठा इतका वाढतो की ईसीयू रीजनरेशन (फिल्टरची ही जाळून सफाई) करूच देत नाही, मग फिल्टर उतरवावा लागतो.

आधी ऑइलची डिपस्टिक. रीजनरेशन अर्धवट राहिली की जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी 'मॅक्स'च्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय पुढचं काही करू नका. ऑइल लो-सॅप्स (कमी राखेच्या) वर्गाचंच, नाहीतर फिल्टरमध्ये न जळणारी राख साचते. मग किल्ली चालू, इंजिन बंद: डीपीएफच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक शून्य दिसला पाहिजे. इंजिन बंद असताना दाब दिसतोय म्हणजे सेन्सर किंवा त्याच्या नळ्या बिघडल्यात, आणि फिल्टर कदाचित साफच आहे. त्या नळ्यांत पाणी आणि काजळीचा गोळा अडकतो.

सगळं ठीक असेल तर बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २००० च्या वर फेरे ठेवून न थांबता चालवायचं. आल्यावर गाडी कडबा, पाचट किंवा वाळल्या गवतावर लावायची नाही. खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो.

डीपीएफ पोकळ करून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे, आणि दाबाच्या सेन्सरला ते कळतंच.

२३ मार्च

पी००८७, रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब) कमी. पीआयडी २३ चा आकडा दहा किलोपास्कलमध्ये: ०सी १सी म्हणजे ३१००, म्हणजे ३१० बार. आयडलला साधारण अडीचशे-तीनशे. क्रम: फिल्टरमधलं पाणी, सक्शनच्या नळीत बुडबुडे, मग इंजेक्टरचं रिटर्न (परत जाणारं डिझेल) मोजणं. ज्याचं रिटर्न बाकीच्यांपेक्षा खूप जास्त तो दोषी. चालू इंजिनात रेलचा नट सैल करून 'हवा काढायची' जुनी सवय इथं जीवघेणी आहे. तो फवारा कातडीत शिरतो.

६ एप्रिल

के-लाइन चालू. लाइन ३०० मिलिसेकंद शांत, मग २५ खाली, २५ वर, आणि १०४०० बॉडने सी१ ३३ एफ१ ८१ ६६. उत्तर नसेल तर ५ बॉडने ३३ पाठवायचा जुना मार्ग. पाच सेकंदांत काही विचारलं नाही तर ईसीयू संवाद तोडतो, म्हणून मध्ये मध्ये ३ई ('मी अजून आहे') पाठवत राहायचं.

१३ एप्रिल

पुसण्याचा क्रम रीडरमध्ये पक्का केला. इंजिन बंद, किल्ली चालू, पीआयडी ४२ वर १२ व्होल्टच्या वर. मोड ०४. उत्तर ४४ आलं तर पुसलं. ७एफ ०४ २२ आलं तर ईसीयू नाही म्हणतोय, बहुतेक इंजिन चालू आहे. मग किल्ली बंद, अर्धा मिनिट थांबून चालू, पुन्हा ०३ आणि ०७. लगेच परतलेला कोड म्हणजे वायर-सेन्सरचा दोष, आत्ता या क्षणी हजर असलेला. मिश्रण, कॅटॅलिस्ट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) यांसारखे दोष गाडी चालवण्याच्या दोन फेऱ्यांत सिद्ध व्हावे लागतात; पहिल्या फेरीनंतर ते फक्त मोड ०७ मध्ये दिसतात. 'लाइट नाही म्हणजे झालं' म्हणून गाडी सोडण्याआधी ०७ बघायचा तो यासाठी.

मोड ०४ ने काय काय जातं: कोड, फ्रीझ फ्रेम, ईसीयूने स्वतः करायच्या तपासण्यांची पूर्तता, आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेल्या ट्रिमही. त्यामुळे पुसल्यावर थोडा वेळ आयडल डगमगलं तर घाबरायचं कारण नाही. दोष खरंच दुरुस्त केला असेल तर न पुसताही लाइट सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप जाते, कोड चाळीस वॉर्म-अपनंतर. लाइट लुकलुकत असेल तर मात्र गाडी हळू घ्या. मिसफायर कॅटॅलिस्ट जाळण्याइतका आहे.

२० एप्रिल

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी वेगळा पडदा. पीआयडी ०१ चं उत्तर ४१ ०१ ०० ०७ ६१ ६१ आलं, तर लाइट बंद, कोड शून्य, पण शेवटचे दोन बाइट सारखे: कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर यांच्या तपासण्या आहेत पण एकही पूर्ण नाही. पूर्ण झाल्यावर शेवटचा ०० होतो. सोबत पीआयडी ३१: कोड पुसल्यापासूनचे किलोमीटर. तिथं ६ दिसले तर सौद्याच्या सकाळीच कुणीतरी लाइट विझवलीय किंवा बॅटरी काढलीय. रीडर लाल पट्टी दाखवतो.

४ मे

काचेमागे डॅशबोर्डवर ठेवलेला टीएफटी काळा पडतो. सावलीत आणला की परत दिसतो. खोक्याला खाली-वर छिद्रं, बक मॉड्यूल पडद्यापासून दूर.

सीएनजी किट नंतर बसवलेल्या गाड्यांसाठी नोंद: ट्रिम पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळ्या बघायच्या. किटचा नकाशा (किती गॅस सोडायचा याचा तक्ता) चुकला असेल तर पेट्रोलचा ईसीयू गॅसवर असताना चुकीची दुरुस्ती शिकतो, आणि सकाळी पेट्रोलवर गाडी सुरू व्हायला त्रास देते. पेट्रोलवर ट्रिम शून्याजवळ असेल तर पी०१७१ चं उत्तर किटवाल्याकडे आहे.

११ मे

एका वेळी पाच-सहा यू कोड आणि पी०५६२ (व्होल्टेज कमी) एकत्र आले तर ईसीयू मोजत बसायचं नाही. बॅटरी: विश्रांतीत १२.६, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये, चालू इंजिनला १३.८ ते १४.४. मग बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या अर्थच्या पट्ट्या. अशी जोडी दिसली की रीडर आता कोडांच्या यादीआधी व्होल्टचा पडदा उघडतो.

बाकी राहिलेलं: २९ बिटांच्या पत्त्यावर अनेक ईसीयूंची उत्तरं एकत्र आली की फ्रेमा मिसळतात, त्यांची रांग पत्त्यानुसार वेगळी ठेवायची. डीपीएफचा दाब पीआयडी ७ए वर न देणाऱ्या पिकअपसाठी मोड २२ चे (कंपनीची स्वतःची माहिती मागायचे) कंपनीनिहाय पत्ते तपासायचे.